कावळ्याचीही नोंद

चंद्रपूरहून सुमारे 30 किलोमीटर गेले म्हणजे इरई जलाशयाच्या बाजूला मोहर्ली हे गाव लागते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात शिरण्याचे हे एक जुने आणि गजबजलेले द्वार होय. पौषातल्या एका पहाटे आम्ही तिथे उभे होतो. अंधार पुरता सरला नव्हता. उघड्या जिप्सींची रांग लागलेली, प्रवासी शाली लपेटून बसलेले, मार्गदर्शक आपापल्या गाडीचा क्रमांक शोधीत फिरणारे. दार उघडले आणि सगळ्या गाड्या साग-बांबूच्या रानात नाहीशा झाल्या. काही तासांनी त्या परतल्या तेव्हा तर्री-पोह्यांच्या टपरीपाशी जो तो दुसऱ्याला एकच प्रश्न विचारीत होता : "किती दिसले?" काय दिसले, हे विचारण्याचे कारण नव्हते. मोहर्लीत 'किती' म्हटले की ते वाघच. "चार" म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे तेज आणि "एकही नाही" म्हणणाऱ्याचा पडलेला आवाज, दोन्ही आम्ही पाहिले. रान दोघांनी एकच पाहिले होते.

आमच्यासोबत आमचा भाचा होता. तोही मोजत होता, परंतु पक्षी. मोबाइल संच त्याला प्रवेशद्वारापाशी ठेवून द्यावा लागला होता, म्हणून त्याने एका लहान वहीत पेन्सिलीने नोंदी केल्या होत्या : वेडा राघू 6, नीलपंख 2, सातभाई 11, पाणकावळा 23, कावळा 4. दुपारी त्या नोंदी त्याने 'ईबर्ड' नावाच्या जागतिक संकेतस्थळावर चढवल्या. रात्री तो मराठी विकिपीडियावर लेख लिहितो. ह्या कामाचा त्याला एक पैसाही मिळत नाही. मात्र मिळते ते काहीतरी असते : कुठे तारा, कुठे पदक, कुठे क्रमांक. "मामा, महाराष्ट्रातल्या यादीत माझा नंबर वर सरकला," असे तो म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडावरही टपरीपाशी पाहिलेले तेच तेज होते. त्या तेजाने आम्हांला विचारात पाडले. जे काम मनुष्य स्वेच्छेने, विनामूल्य, अनोळखी माणसांच्या उपयोगासाठी करतो, त्याला खेळाचे गुण आणि बक्षिसांच्या चकत्या लावणे उचित आहे काय?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. हजारो लोक मिळून ज्ञानकोश लिहितात, नकाशे भरतात, पक्ष्यांची मोजदाद करतात, एकमेकांच्या शंकांना उत्तरे देतात, अशी संकेतस्थळे गेल्या पाव शतकात उभी राहिली. ती पगारावर चालत नाहीत. येणारे येतात, चार दिवस लिहितात आणि निघून जातात. त्यांना थांबवावे कसे? चालकांनी खेळाकडून युक्ती उसनी घेतली. प्रत्येक कृतीला गुण, गुणांवरून पायऱ्या, पायरीगणिक बिल्ला आणि सर्वांत वर असलेल्यांची जाहीर यादी. इंग्रजीत ह्याला गेमिफिकेशन म्हणतात. शब्द 2002 साली घडला आणि 2010 नंतर सर्वत्र झाला. आपण त्याला खेळीकरण म्हणू.

आमची पहिली प्रतिक्रिया नापसंतीची होती, हे कबूल करतो. डाव्या हाताला उजव्याचे कळू न देण्याची शिकवण ज्यांच्या कानांवर बालपणापासून पडली, त्यांना दानधर्माच्या पाटीवर गुण लिहिलेले कसे रुचावेत? पण लगेच दुसरी आठवण झाली. वसईत आमच्या लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात जो प्रार्थना बिनचूक म्हणून दाखवील त्याला संताचे एक चित्र मिळत असे. सोनेरी कडांची ती चित्रे जमवण्याची आमच्यात अशी चढाओढ लागे की काहींनी एका आठवड्यात दहा आज्ञा पाठ केल्या, त्या केवळ संत अंतोनीच्या एका चित्रासाठी. आज ती चित्रे कुठे गेली ठाऊक नाही. प्रार्थना मात्र जिभेवर आहेत. मग त्या चित्रांनी आमचे बिघडवले की घडवले? ह्याचे उत्तर आम्हांला आजही छातीठोकपणे देता येत नाही, म्हणून भाच्याच्या बिल्ल्यांवर एकदम दगड उचलण्यास आमचा हात धजला नाही.

विज्ञानाने ह्या बाबतीत काही शोधून ठेवले आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आता बहुश्रुत झाला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत रंगीत पेनांनी चित्रे काढणे मनापासून आवडणाऱ्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले की, चित्र काढाल तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेने पुन्हा मोकळी ठेवली, तेव्हा पहिल्या गटातील मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढीत बसली. जे आधी खेळ होते ते त्यांच्या लेखी काम झाले होते आणि कामाचा मोबदला आता बंद होता. परंतु दुसऱ्या गटाची, म्हणजे न मागता बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी तसूभरही कमी झाली नव्हती. प्रशस्तिपत्र तेच, फीतही तीच. फरक एवढाच की एकाला ते आमिष म्हणून दाखवले गेले आणि दुसऱ्याला शाबासकी म्हणून दिले गेले.

विकिपीडियाच्या ताऱ्याविषयीही असेच काही आढळले. ह्या कोशावर कोणीही लेखक दुसऱ्या लेखकाला त्याच्या चर्चापानावर जाऊन एक तारा चिकटवू शकतो. त्याला बार्नस्टार म्हणतात. मायकेल रेस्टिवो आणि आर्नाउट व्हान डे रेट ह्या दोन समाजशास्त्रज्ञांनी इंग्रजी विकिपीडियावरील सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का लेखकांतून 200 जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले आणि त्यांपैकी निम्म्यांना असा तारा दिला. 90 दिवसांनी पाहिले तर तारा मिळालेल्यांचे काम इतरांपेक्षा 60 टक्क्यांनी अधिक भरले. हा निष्कर्ष 2012 सालचा. गंमत पुढेच आहे. दोन वर्षांनी त्यांनीच कमी लिहिणाऱ्यांनाही असे तारे देऊन पाहिले, तेव्हा तशी वाढ आढळली नाही. ज्याने खरोखर घाम गाळला होता त्यालाच शाबासकी पोहोचली. ज्याने विशेष काही केले नव्हते त्याला बहुधा ती आपली वाटलीच नसावी. मनुष्य स्तुतीला भुलतो हे खरे, पण आपल्या पदरी किती आहे ह्याचा अंदाज त्याला आतून असतो.

नेमलेल्या पदकाची तऱ्हा वेगळी. संगणक-शास्त्रातील प्रश्नोत्तरांचे 'स्टॅक ओव्हरफ्लो' नावाचे स्थळ आहे. अमुक इतकी कामे केली की अमुक पदक, असा तेथील नियम. 2013 साली अभ्यासकांनी दाखवून दिले की पदक जवळ येऊ लागले की माणसे तेच काम झपाट्याने करू लागतात आणि पदक हाती पडताच वेग ओसरतो. रान तेच राहते, वाघ दिसून झालेला असतो.

येथवर न्याय सरळ दिसतो : न मागता मिळालेली शाबासकी चांगली, आधी दाखवलेले आमिष वाईट. पण भाच्याच्या वहीने आमचा हा निवाडा मोडून टाकला. ईबर्ड हे स्थळ 2002 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने सुरू केले. आरंभी त्यांचे आवाहन शुद्ध सेवेचे होते : विज्ञानासाठी तुमच्या नोंदी द्या. आवाहन उदात्त होते आणि नोंदी तुटपुंज्या. काही वर्षांनी चालकांनी धोरण बदलले. पक्षी पाहणाऱ्याला स्वतःची आयुष्यभराची यादी ठेवता यावी, आपल्या जिल्ह्यात, राज्यात आपण कितवे आहोत हे दिसावे, अशी सोय केली. तेव्हा ओघ सुरू झाला. आज जगभरातले संशोधक ज्या नोंदींच्या आधारे पक्ष्यांची घट आणि स्थलांतर अभ्यासतात, त्यांतील मोठा भाग अशा यादीच्या हौसेतून आलेला आहे. केवळ पुण्याच्या आवाहनावर हे कोठार भरले नसते. हे कटू वाटले तरी खरे आहे.

मग टपरीवरील "किती दिसले?" आणि वहीतील आकडे ह्यांत भेद कोणता? आम्ही भाच्याला विचारले, "कावळा कशाला लिहिलास? कावळ्याचे कसले गुण?" तो हसला. म्हणाला, यादी चढवताना संकेतस्थळ शेवटी एक प्रश्न विचारते : ओळखू आलेल्या सगळ्या पक्ष्यांची नोंद केलीत का? होय म्हणायचे तर कावळा लिहावाच लागतो. दुर्मिळ तेवढेच टिपून आणलेली यादी शास्त्रज्ञांना फारशी उपयोगी नसते, कारण जे नोंदले नाही ते नव्हते की तुम्ही पाहूनही गाळले, हे तिच्यावरून कळत नाही. आणि होय की नाही, हे ठरवायला तिथे पंच कोणी नाही. इरईच्या काठावर आपण एकटे असतो. कोणी अगदीच नवलाचा पक्षी नोंदला तर स्थानिक जाणकार शंका विचारतात, पण कावळा गाळला म्हणून कोणी धरायला येत नाही. ते ज्याचे त्याने स्वतःशी खरे राहून करायचे.

खेळ रचणाऱ्याने इथे एक मोठी गोष्ट साधली आहे, असे आम्हांस वाटते. नियमच असा केला की सामान्याला वगळता येऊ नये. तरीही त्याच स्थळावर सर्वाधिक जातींची क्रमवारी आहे आणि ती माणसाला दुर्मिळाच्या मागे धावायला लावते. एकाच घरात दोन देव. आमच्या भाच्याने पहाटेच्या फेरीत एकदा "इथे थांबायला नको, इथले सगळे झालेत," असे म्हटले, तेव्हा कोणता देव बोलत होता हे सांगायला नको.

दुसऱ्या देवाचे राज्य किती दूर जाऊ शकते हे विदर्भाने अलीकडेच पाहिले. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बच्चे पर्यटकांच्या गाड्यांच्या गराड्यात सापडले. त्याची चित्रे सर्वदूर गेली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेले लोक क्रूर नव्हते. तुमच्याआमच्यासारखेच होते, मुलाबाळांसह आलेले. वाघाचे फक्त त्यांनी गुण केले होते.

आता मराठी विकिपीडियाकडे येऊ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी नागपुरात मंडळी उभी करून, गावोगाव भाग आणि वर्गण्या गोळा करीत 23 खंडांचा ज्ञानकोश तडीस नेला, त्या भाषेला 2003 साली हे नवे, कोणालाही लिहिता येणारे पान मिळाले. लेखांची संख्या आज लाखाच्या आसपास आहे. संख्या हा इथला वाघ. इतर भारतीय भाषांच्या पंगतीत आपण कितवे, हे सतत विचारले जाते आणि संख्या वाढवण्यासाठी स्पर्धा होतात. 2018 च्या मार्च ते मे ह्या काळात विकिमीडिया फाउंडेशन, बंगळुरूच्या एका संस्थेचा विभाग आणि गूगल ह्यांनी भारतीय भाषांसाठी अशीच एक लेखनस्पर्धा योजली होती. तिचे नाव, योगायोग पाहा, 'प्रोजेक्ट टायगर'. वाचकांना हव्या असलेल्या पण भाषेत नसलेल्या विषयांच्या याद्या दिल्या गेल्या, दरमहा बक्षिसे ठेवली गेली आणि निवडक लेखकांना संगणक व इंटरनेटचा खर्च पुरवण्यात आला. ह्या शेवटच्या गोष्टीला नावे ठेवणार नाही. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही त्याला तो देणे हे आमिष नव्हे. सुताराला रंधा देण्यासारखे आहे.

पण स्पर्धा म्हटली की लेख मोजावे लागतात. मराठी विकिपीडियावर हजारो खेड्यांचे लेख आहेत आणि त्यांतील कितीतरी एकाच साच्यातून पडलेले आहेत. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळे तेच, बहुतेक वाक्येही तीच, फक्त गावाचे नाव निराळे. जनगणनेची यादी शेजारी ठेवून एका रात्रीत वीस गावे वसवता येतात. आमच्या भाच्यानेही कॉलेजात असताना अशाच एका स्पर्धेत चाळीस गावे वसवली आणि प्रशस्तिपत्र मिळवले. ते त्याच्या आईने चौकटीत बसवून भिंतीवर लावले आहे.

सगळेच खेळ असे नसतात, हेही नोंदले पाहिजे. 2015 साली बल्गेरियातील वास्या अतानासोवा ह्या विकिपीडिया-लेखिकेने सलग शंभर दिवस रोज एक लेख लिहिण्याचा संकल्प सोडला आणि अनेक देशांतील लोकांनी तो उचलला. बक्षीस नाही, पंच नाही. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, तेही स्वतःच्या मनाने. आम्हांला त्यात नोव्हेनाची आठवण होते. नऊ दिवस मोजतो तो मनुष्य काही नऊ आकड्याची आराधना करीत नसतो. आकडा हा त्याच्या चंचल मनाला बांधायचा दोर असतो. मोजण्यात पाप नाही, हे आम्ही ह्या सहलीत शिकलो.

मोजणे म्हणजे काय असते, ह्याचे दुसरे टोक ह्याच रानात आहे. दर चार वर्षांनी देशातील वाघांचा अंदाज घेतला जातो. त्यासाठी वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रात पायी फिरून पाऊलखुणा, विष्ठा, ओरखडे नोंदवतात. जिप्सी नाही, शाल नाही. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबाच्या कोलारा भागात अशीच चिन्हे नोंदवीत मदतनिसांसह चाललेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने झडप घातली आणि तिचा मृत्यू झाला. त्या दिवशी तिच्या हातात होती तीही नोंदवहीच. 2022 च्या गणनेत देशातील वाघांचा जो सरासरी आकडा निघाला तो 3,682. आपण तो वर्तमानपत्रात वाचून समाधानाने मान डोलावली. त्या आकड्यात किती पावले चालली गेली, हे आकडा सांगत नाही. आकड्याचा स्वभावच तो.

इथून पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहान गाव आहे. 2009 साली तेथील ग्रामसभेला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातील पहिल्या दाव्यांपैकी. जंगलाची माहिती, कायद्याचा अभ्यास, बांबूचा हिशेब, सगळे गावाने अभ्यासगटात बसून केले. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांची संमती मिळेपर्यंत बोलून. तिथे कोणाच्या नावापुढे गुण लागले नाहीत. वाचक म्हणतील, हेच ते उत्तर. आम्हांला तसे वाटत नाही. मेंढ्यात सारे एकमेकांचे तोंड पाहू शकतात. कोण राबला आणि कोण झाडाखाली झोपला, हे सांगायला तारा लागत नाही. इरईच्या काठी बसून अनोळखी जगासाठी लिहिणाऱ्याला मात्र कोणाचेच तोंड दिसत नाही. त्याने लिहिलेले एक हजार जणांनी वाचले तरी एकही "बरे लिहिलेस" म्हणत नाही. तारा ही त्या न दिसणाऱ्या तोंडाची जागा आहे. भुकेला मनुष्य चित्रातली भाकरी पाहतो, तसे. त्याला हसण्यापूर्वी आपण त्याला भाकरी दिली होती काय, हे विचारावे. आमच्यापुरते सांगायचे तर विकिपीडियाचा उपयोग आम्ही वर्षानुवर्षे केला, पण कोण्या लेखकाचे आभार मानल्याचे आठवत नाही.

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त वाचकांच्या परिचयाचा आहे. दिवसभर उन्हात राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना धन्याने सारखीच मजुरी दिली, तेव्हा आधीचे कुरकुरले. त्यांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळाली होती. खटकली ती तुलना. क्रमवारीची यादी त्यांनी मनातच तयार केली होती आणि धन्याने ती पुसली. ह्या दृष्टान्ताचा अर्थ अनेक अंगांनी लावला जातो. आम्हांला इथे एकच बाजू दिसते की मळ्याचा धनी कोण, हे त्या मजुरांना निदान ठाऊक तरी होते.

संकेतस्थळांच्या बाबतीत ते नेहमीच ठाऊक असते असे नाही. 2015 पासून गूगलने आपल्या नकाशांसाठी 'लोकल गाइड्स' ही योजना चालवली आहे. हॉटेलविषयी अभिप्राय लिहा, छायाचित्र टाका, प्रश्नांना उत्तरे द्या. प्रत्येकाचे गुण, गुणांच्या दहा पायऱ्या, नावाशेजारी चांदणी. माहिती उपयोगाची असते हे खरेच. मोहर्लीत कुठे उतरावे हे आम्हीही तिथूनच ठरवले. पण विकिपीडियावर टाकलेला शब्द सर्वांच्या मालकीचा होतो, कोणीही तो नेऊ शकतो, छापू शकतो. नकाशावर टाकलेला शब्द एका कंपनीच्या कोठारात जमा होतो. दोन्हीकडे बिल्ला सारखाच चमकतो. सार्वजनिक विहिरीचा गाळ उपसणारा आणि सावकाराच्या विहिरीचा गाळ फुकट उपसणारा, ह्या दोघांच्या छातीवर एकच पदक लावले तर कालांतराने दोघांनाही आपण एकच काम करीत आहोत असे वाटू लागेल. खेळीकरणाविषयीची आमची खरी तक्रार ही आहे. खेळ गोड लागतो, आणि ज्याला तो गोड लागला तो मळा कोणाचा हे विचारायचे विसरतो.

आणि 'लोकल गाइड' ह्या शब्दाचे नवल मोहर्लीत अधिकच वाटते, कारण तिथे स्थानिक मार्गदर्शक नावाची खरी माणसे आहेत. बायकाही आहेत. खाकी गणवेश घालून, रोज पहाटे उठून, फेरीगणिक ठरलेल्या मेहनतान्यावर रान दाखवतात. आमच्या गाडीवरचा मार्गदर्शक चाळिशीचा असेल. वाघ दिसला नाही म्हणून तो आमच्यापेक्षा अधिक खजील झाला होता. खरे तर त्याने आम्हांला भुत्याचे पांढरेफटक झाड दाखवले, अस्वलाने उकरलेले वारूळ दाखवले, मोहाच्या खोडावरची नखे दाखवली. पण ह्याचे कोणी गुण देत नाही, हे तो अनुभवाने शिकला होता.

संध्याकाळी त्याने घरी चहाला बोलावले. अंगणात शेकोटी होती. बोलता बोलता भाच्याच्या लेखनाचा विषय निघाला.

"भाऊ, तुमी मोबाइलवर गावांची माहिती लिहता म्हनता," तो म्हणाला, "माझ्या आईच्या गावाचं लिहलं हाय का कोनी?"

त्याने नाव सांगितले. भाच्याने शोधले, पान सापडले. गावाचे नाव, तालुका, जिल्हा. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली : उन्हाळा उष्ण असतो, पाऊस अमुक महिन्यांत पडतो, लोक शेती करतात, वाहतुकीची सोय अशी अशी आहे. मार्गदर्शक मान हलवीत ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "गाडी येते म्हनता तिथं? गाव तं कवाचंच उठलं जी. कोअरमधून सारेच बाहेर आनले. आता तिथं फक्त बोडी हाय. माझ्या आज्यानं खांदली होती, गावानं मिळून. तिच्यात आता वाघ पानी पितात." थोडे थांबून त्याने विचारले, "बोडीचं लिहलं नाही का जी?"

भाचा काही बोलला नाही. पानाचा इतिहास उघडून त्याने संच आमच्या हाती दिला. पहिल्या नोंदीपुढे त्याचेच नाव होते. चाळीस गावांपैकी ते एक.

त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने चहा पुन्हा भरला. परंतु एक गाव पृथ्वीवरून उठून गेले, त्याची आता जी काही सार्वजनिक आठवण उरली आहे ती ह्या पानावर, आणि तिथे त्या गावाविषयी एकही शब्द नाही, केवळ कोणत्याही गावाविषयीचे शब्द आहेत, हे तिथे बसलेल्या तिघांनाही कळले होते. भाच्याने हे कपटाने केले नव्हते. त्याने कुठलाही नियम मोडला नव्हता. गुण देणाऱ्याने बोडी विचारली नव्हती म्हणून त्याने ती शोधली नव्हती.

परतीच्या गाडीत तो बराच वेळ गप्प होता. घरी आल्यावर चार दिवस त्या एका पानावर बसला. बोडी त्याला लिहिता येईना, कारण विकिपीडियावर छापील आधाराशिवाय काही मांडता येत नाही आणि आज्याने खोदलेल्या बोडीचा उल्लेख कोणत्याही पुस्तकात मिळेना. हा नियमही गैर नाही. नाहीतर कोणी काहीही लिहील. अखेर पुनर्वसनाची एक बातमी त्याला सापडली. तिच्या आधारे त्याने एक वाक्य घातले : हे गाव व्याघ्र प्रकल्पातून बाहेर हलवण्यात आले आहे. आणि वाहतूक, सुविधा, लोकजीवन ह्या मथळ्यांखालचे सगळे काढून टाकले. मार्गदर्शकाला दूरध्वनी करून त्याने ते वाक्य वाचून दाखवले. "बरं झालं जी," तो म्हणाला, "निदान गाडी तं बंद केली."

विकिपीडिया प्रत्येक बदलापुढे लेख किती वाढला वा घटला तो आकडा दाखवते. वाढला तर हिरव्या अक्षरांत, घटला तर लाल. भाच्याच्या त्या दिवसाच्या नोंदीपुढे लाल अक्षरांत वजा आकडा आहे.